दहा किलोमीटरचे वर्तुळ

काही वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी एका प्रकल्पाच्या पर्यावरण आघात मूल्यांकनाचा मराठी सारांश वाचत होतो. त्यात 'फरारी उत्सर्जनावर नियंत्रण ठेवण्यात येईल' असे वाक्य आले. फरारी म्हटल्यावर आपल्याला तुरुंगातून पळालेला माणूस आठवतो. जरा थांबल्यावर उलगडले, की मूळ इंग्रजीत 'फ्युजिटिव्ह एमिशन' असणार. म्हणजे धुराड्यातून न निघता खडीच्या ढिगांवरून आणि डंपरच्या चाकांखालून उडणारी धूळ. शेजारी बसलेल्या गृहस्थांचे वावर त्या प्रकल्पाला लागून होते. त्यांनी विचारले, "काय लिवलं हाये त्याच्यात, भाऊ?" मी म्हणालो, "धूळ उडू देणार नाही, असं लिहिलंय." त्यावर ते म्हणाले, "मंग धूळ लिवाले काय झालं होतं?"

त्यांचा हा प्रश्न मला समीक्षेचाच वाटला, आणि तेव्हापासून हे अहवाल मी समीक्षकाच्या नजरेने वाचत आलो आहे. मी अभियंता नाही, मृदाशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. जे कळते ते वाचून, विचारून आणि हिंडून कळलेले आहे. पण कोणत्याही लिखाणाला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. हे कोणी लिहिले, कोणासाठी, कोणत्या भाषेत, आणि काय गाळून? आपल्याकडे कथा-कवितेला हे प्रश्न विचारणारे पुष्कळ आहेत. ज्या लिखाणावर गावेच्या गावे उठतात, त्याला मात्र ते फारसे कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखात बुलढाणा जिल्हा समोर ठेवून ते विचारण्याचा प्रयत्न आहे, आणि तोही मुख्यतः सरकारी पैशातून होणाऱ्या प्रकल्पांबाबत.

आधी थोडा इतिहास. या लेखनप्रकाराचा आपल्याकडचा उगम धरणांतच आहे. १९७६-७७ साली नियोजन आयोगाने विज्ञान व तंत्रज्ञान विभागाला नदीखोरे प्रकल्पांची पर्यावरणाच्या अंगाने तपासणी करायला सांगितले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आल्यावर त्याच्या आधाराने २७ जानेवारी १९९४ ची अधिसूचना निघाली आणि मूल्यांकन सक्तीचे झाले. आज चालते ती १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना, तिच्यावर चढलेल्या असंख्य दुरुस्त्यांसह. तिच्याप्रमाणे प्रकल्पाची छाननी होते, अभ्यासाची व्याप्ती ठरते, प्रदूषण नियंत्रण मंडळ लोकसुनावणी घेते आणि शेवटी तज्ज्ञ समिती अहवाल तपासते. सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाहून खालचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी असतो. चित्रीकरण सक्तीचे आहे. आणि ग्रामसभेला जी गणपूर्तीची अट असते, ती इथे नाही. मांडव रिकामा असला तरी सुनावणी झाली असेच धरतात.

लेखक कोण, या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांना ठाऊक असते, पण मोठ्याने कोणी बोलत नाही. अहवाल मान्यताप्राप्त सल्लागार संस्था लिहिते आणि तिचे शुल्क प्रकल्प करणारा देतो. खासगी कारखान्याबाबत निदान अर्जदार एकीकडे आणि सरकार दुसरीकडे, असे दोन पक्ष कागदावर तरी दिसतात. धरण, कालवा, महामार्ग यांच्या बाबतीत अर्जदार सरकारचे महामंडळ असते, सुनावणी सरकारचे मंडळ घेते, मंजुरी सरकारचे मंत्रालय किंवा त्यानेच नेमलेले प्राधिकरण देते. आणि व्यासपीठावर जे जिल्हाधिकारी बसतात, त्यांच्याच अखत्यारीत त्या प्रकल्पाचे भूसंपादनही चालू असते. यात कोणा अधिकाऱ्याच्या सचोटीवर शंका नाही. पण एकाच माणसाने सकाळी नोटीस काढायची आणि दुपारी तिच्यावरच्या हरकती तटस्थपणे ऐकायच्या, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाला फारशी धरून नाही.

याच्या जोडीला २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम ६ वाचावे. त्या कायद्याने सामाजिक आघात मूल्यांकन आणले, म्हणून त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यही होते. पण या कलमाला एक परंतुक आहे: ज्या सिंचन प्रकल्पांना दुसऱ्या कायद्याखाली पर्यावरण आघात मूल्यांकन करावे लागते, त्यांना सामाजिक मूल्यांकनाच्या तरतुदी लागू नाहीत. म्हणजे धरणात ज्याचे गाव जाते, त्याचे देऊळ, मसणवटा, सोयरीक, मजुरी या सगळ्याचा हिशेब मांडायला पर्यावरणाचा अहवाल हाच काय तो कागद उरला. नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर जिगाव प्रकल्पाचे काम वर्षानुवर्षे चालले आहे. खर्च शेकड्यांतून हजारो कोटींत गेला, कित्येक गावांचे पुनर्वसन त्यात अडकले आहे, आणि एक लाख हेक्टरांहून थोडी अधिक जमीन भिजेल असे सांगितले जाते. अशा जिल्ह्यात हे परंतुक नुसते कायद्याच्या पुस्तकात राहत नाही.

आता भाषा. या अहवालांचे व्याकरण एकाच प्रयोगावर उभे आहे. झाडे लावण्यात येतील, पाणी फवारण्यात येईल, योग्य ती उपाययोजना करण्यात येईल. लावणारा, फवारणारा, करणारा कोणत्याच वाक्यात भेटत नाही. आपल्या शाळेत कर्मणी प्रयोग शिकवताना 'रामाकडून रावण मारला गेला' असे उदाहरण देत. त्यात राम निदान असतो तरी. इथे तोही नाही. काळ कायम भविष्य, आणि त्याला तारीख नाही. अर्थात मराठी सारांश हा मूळ लेखनाचा भागच नसतो. कायद्याला स्थानिक भाषेत फक्त सारांश हवा असतो. शेकडो पानांचा अहवाल इंग्रजीत राहतो आणि दहा-पंधरा पानांची ही मराठी बहुधा सर्वांत शेवटी, सुनावणीच्या घाईत तयार होते. वाचताना ते कळते.

ही उपेक्षा फक्त जिल्ह्याच्या पातळीवरची नाही. २०२० च्या मार्चमध्ये केंद्राने नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला तेव्हा तो इंग्रजी आणि हिंदीतच होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी तो आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांत प्रसिद्ध करण्याचा आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवण्याचा आदेश दिला. केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. देशभरच्या शेतकऱ्यांवर परिणाम करणाऱ्या मसुद्याचे मराठीत भाषांतर करा, एवढ्या साध्या गोष्टीसाठी ही धावपळ.

भाषेपेक्षाही मला अधिक महत्त्वाची वाटते ती या अहवालांची भूमिती. बहुतेक अहवालांत प्रकल्पस्थळ मध्यबिंदू धरून दहा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढतात आणि त्याला 'अभ्यासक्षेत्र' म्हणतात. हवा, पाणी, माती, झाडे, पशुपक्षी, लोकसंख्या, सगळे त्या वर्तुळात मोजायचे. अनेक प्रकल्पांना पावसाळा वगळून एका ऋतूची मोजणी पुरते. नदीखोरे प्रकल्पांना जास्त ऋतू लागतात, एवढाच फरक. एखाद्या कारखान्याच्या धुराला हे वर्तुळ कदाचित शोभत असेल. बुलढाण्याला ते शोभत नाही, याचे कारण या जिल्ह्याच्या जमिनीतच आहे.

आमच्याकडे माणूस कुठला हे विचारताना तालुक्याच्या आधी 'घाटावरचा की घाटाखालचा' असे विचारतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेची ही धार जिल्ह्याला मधोमध कापते. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद घाटाखाली. घाटावर उगम पावणारी पैनगंगा पूर्वेला जाऊन अखेर गोदावरीच्या खोऱ्यात मिळते. नळगंगा आणि ज्ञानगंगा घाट उतरून पूर्णेला, आणि पूर्णेबरोबर तापीला मिळतात. बाहेरच्या माणसाला हमखास गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे जिल्ह्यात पूर्णा दोन आहेत. एक घाटाखालची, सातपुड्यातून येणारी, तापीची. दुसरी घाटावरची खडकपूर्णा, गोदावरीची. देऊळगावराजा तालुक्यात तिच्यावर धरण आहे आणि त्याच्या जलाशयाला संत चोखामेळा यांचे नाव दिले आहे. घाटमाथ्यावर कुठेही दहा किलोमीटरचे वर्तुळ काढा, त्यात दोन समुद्रांकडे जाणारे पाणी येते. त्या वर्तुळातल्या पाण्याची सरासरी कशाची म्हणायची?

घाटाखाली याहून अवघड प्रकरण आहे. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाण पट्टा पसरला आहे. आमच्या बाजूला शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे तालुके त्यात येतात. विहिरीला पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही आणि पिकाला दिले तर जमीन बिघडते. मूत्रपिंडाच्या दुखण्याच्या तक्रारी या भागात वर्षानुवर्षे आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या वऱ्हाडच्या इंग्रजी गॅझेटिअरांनीही पूर्णाकाठच्या खाऱ्या विहिरींची दखल घेतली होती. म्हणजे हे कारखान्याचे किंवा खताचे पाप नव्हे. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या मातीवर बरेच काम केले आहे. त्याचे सार माझ्या भाषेत असे: कोरड्या हवामानात मातीतले कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने बसत जाते, मागे सोडियमचे प्रमाण वाढते, आणि सोडियम वाढले की फुगणाऱ्या काळ्या चिकणमातीचे कण सुटे होऊन भोके बुजवतात. मग वरचे पाणी खाली मुरत नाही. इथला शेतकरी हे पुस्तकाशिवाय जाणतो. म्हणूनच तो विहिरीला हात न लावता पावसाच्या ओलीवर कापूस, तूर, मूग आणि हरभरा काढत आला.

आता शब्दांकडे पाहा. सांगली-कोल्हापूरकडे, शिरोळ-वाळव्याच्या ऊसपट्ट्यात, 'क्षारपड' हा शब्द चालतो. तिथली जमीन मुळात गोडी होती. अति पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांनी ती पडली. शब्दातच 'पड' आहे, पडीक झाल्याचा इतिहास आहे. आमच्या 'खारपाण' या शब्दात पाणी आहे, आणि ते निसर्गाचे आहे. एक शब्द सिंचनानंतरचा, दुसरा सिंचनापूर्वीचा. माझ्या वाचनात आलेल्या सारांशांत मात्र दोन्हींना एकच शब्द भेटतो: 'क्षारयुक्त'. तो चुकीचा नाही, पण त्याने नेमका प्रश्न पुसला जातो. जी जमीन आधीच खारपाण आहे, तिच्यावर कालव्याचे पाणी सोडले तर ती क्षारपडही होईल का? हा प्रश्न मराठीत सरळ विचारता येतो. 'क्षारयुक्त जमीन क्षारयुक्त होईल का' असा तो विचारताच येत नाही.

हे सगळे आताच लिहिण्याचे कारण वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्प. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणातून पाणी उचलून नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला असे करत सुमारे ४२६ किलोमीटरच्या जोडकालव्याने ते मोताळा तालुक्यातल्या नळगंगेत आणायचे. सहा जिल्ह्यांतली सुमारे ३ लाख ७१ हजार हेक्टर जमीन भिजवायची. अंदाजित खर्च ८७ हजार कोटींच्या वर. पाणी नको म्हणणारा माणूस बुलढाण्यात सापडणार नाही, मीही त्यातला नाही. दांडेकर समितीने १९८४ साली अनुशेष मोजून दिल्यापासून आम्ही पाण्याची वाट पाहतो आहोत. पण वाट पाहणाऱ्या माणसाला समोर ठेवलेला कागद न वाचता सही करायची घाई होते, हेही खरे.

या प्रकल्पाला वर्तुळ कसे काढणार? मध्यबिंदूच नाही. कालव्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा किलोमीटरची पट्टी धरली, तरी पाणी तिथे थांबत नाही. ते शेतात जाते, शेतातून नाल्यात, नाल्यातून पूर्णेत, आणि वाटेत जमिनीखालच्या खाऱ्या पाण्याची पातळी वर ढकलू शकते. तेव्हा मराठी सारांश हातात येईल त्या दिवशी त्यात निचऱ्याचे प्रकरण शोधावे. लाभक्षेत्रातली खारपाण गावे नावानिशी दिली आहेत का, चर खोदण्याला पैसे धरले आहेत का, हे पाहावे. गावांची माहिती मिळत नाही अशी सबब चालणार नाही. जागतिक बँकेच्या कर्जावर चाललेल्या कृषी विभागाच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातली खारपाण गावे वेगळी धरलेली आहेत. एकाच सरकारच्या एका खात्याकडे ही यादी आहे. दुसऱ्या खात्याच्या अहवालात ती उतरवायला मंत्रालयाचे दोन मजले चढावे लागतील, इतकेच.

वर्तुळाला दुसरे उत्तर एका वाघाने दिले. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधला होता. पावसाळ्याच्या तोंडाशी तो निघाला आणि तेलंगणाचा काही भाग, मराठवाडा, विदर्भ असा सुमारे १,३०० किलोमीटर फिरत डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. रस्ते, कालवे, कपाशीची आणि तुरीची शेते ओलांडून. त्याच्या वाटेत आलेल्या किती प्रकल्पांच्या अहवालांत प्राण्यांच्या यादीत वाघ असेल? तीन महिन्यांच्या पाहणीत, त्या वर्तुळात, तो दिसलाच नसणार. यादी खोटी नसते, आणि वाघही खरा असतो.

सगळेच अहवाल फुकट जातात असे मला म्हणायचे नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आमच्या मेहकर-लोणार-सिंदखेडराजाच्या मुलखातून जातो. त्याच्या आराखड्यात वन्यजीवांसाठी भुयारी आणि वरून जाणारे मार्ग आले, त्यामागे भारतीय वन्यजीव संस्थेचा अभ्यास आहे. कागदावरचे वाक्य काँक्रीटमध्ये उतरू शकते, याचा तो पुरावा. उलट रत्नागिरीतल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात स्प्रूस आणि बर्चची जंगले निघाली होती. मजकूर रशियातल्या खाणीच्या अहवालातून उचललेला. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या प्रकरणात तर अर्जदार राज्य सरकारच होते. अर्जाच्या नमुन्यात परिसरातल्या वनांची आणि संवेदनशील क्षेत्रांची माहिती दडवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी मंजुरी स्थगित केली. पुढच्या जानेवारीत अटींसह स्थगिती उठली. तो निकाल मी दोनदा वाचला. न्यायमूर्तींनी अर्जाचा रकाना न् रकाना एखाद्या संहितेसारखा वाचला आहे, आणि कोऱ्या सोडलेल्या जागेचाही अर्थ लावला आहे.

आणि काही प्रकल्पांना कागदच लागत नाही. २००६ च्या अधिसूचनेच्या परिशिष्टात रेल्वे नाही. अकोला-खांडवा मीटरगेज मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून, वान अभयारण्यातून जात होता. त्याचे रुंदीकरण त्याच वाटेने करायचे की जंगल टाळून सोनाळा-जामोदकडून फिरवायचे, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. वळणाची वाट आमच्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांना रेल्वे देणारी, म्हणून इथेही तिचे पक्षपाती पुष्कळ. पण हा सगळा वाद वन्यजीव कायद्याच्या आधाराने लढवावा लागला, कारण व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या लोहमार्गाला पर्यावरण आघात मूल्यांकनाची आणि लोकसुनावणीची गरज कायद्याने मानलेलीच नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी आमच्याकडे इंग्रजांच्या काळापासून आहे. तो उद्या झाला, तर घाट चढतानाही त्याला कोणी काही विचारणार नाही.

मी गेलेल्या सुनावण्यांपैकी एक सांगतो. घाटाखालचे गाव, सप्टेंबरचा उकाडा, मांडवात पंखे लावलेले. सल्लागार संस्थेच्या तरुणाने पडद्यावर तक्ते दाखवले. भूजलाचे नमुने 'विहित मर्यादेत' होते. मागच्या रांगेतून एक म्हातारबा उठले. ध्वनिक्षेपक हातात धरायचा कसा हे त्यांना समजेना, तो बाजूच्या पोराने धरला. त्यांनी विचारले, "तुमी आमच्या इहिरीचं पानी कोन्त्या मयन्यात नेलं हो, साहेब?"

तरुणाने कागद चाळले. "डिसेंबर, बाबा."

"मंग बराबर हाये. डिसेंबरात आमीबी पेतो. तुमी मे मयन्यात या."

लोक हसले. तरुणही हसला, आणि त्याने वहीत काहीतरी लिहून घेतले. नियमाप्रमाणे शेवटी सुनावणीचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवला गेला. म्हातारबांच्या प्रश्नाचा त्यात एक ओळीचा उल्लेख होता: 'भूजलाच्या गुणवत्तेबाबत शंका उपस्थित करण्यात आली, तिचे निरसन करण्यात आले.' मी हरकतीच्या अर्जावर त्यांचे वाक्य होते तसे, वऱ्हाडीत लिहून काढले, 'मे' या शब्दाखाली रेघ मारली आणि आवक कक्षात शिक्का मारून घेतला.